छावणीतला ग्रीक

सोनाजी गुरुजी चहा पिण्याआधी पहिला घोट जमिनीवर सांडतात. चुकून नाही, मुद्दाम, डोळे मिटून. ग्रीकांच्या महाकाव्यातले वीर म्हणे देवांना असंच पाजायचे. पाजत असतील, त्यांच्या दाराशी समुद्र होता! आमच्या चकलांब्याजवळच्या चारा छावणीत टँकर आला तर आला. हंड्यावरून डोकी फुटायची वेळ, आणि हा माणूस मातीला चहा पाजतो. मी पहिल्याच दिवशी जाब विचारला.

"कशापायी चिडतो रे?" गुरुजी म्हणाले. "माझ्याच वाटणीचा हाय."

मी तिथं गेलतो ते छावणी चालवणाऱ्या सोसायटीविरुद्ध पत्रकं वाटायला. चाऱ्यात काटामारी, पेंडीत भुसा. लोकांनी पेटून उठायला हवं होतं. पण संध्याकाळ झाली की सगळे गुरुजींच्या खोपटापुढं. एकच म्हातारा बैल घेऊन आलेले हे रिटायर्ड मास्तर ग्रीकांची लढाई सांगायचे. ते लोकही शहराला वेढा घालून दहा वर्षं छावणीतच होते, हे ऐकून मंडळींना धीर यायचा. "आपलं तर पावसापर्यंतच हाय," शेजारच्या दावणीचा नामदेव म्हणायचा.

त्या काव्यात प्रत्येक वीराच्या नावाआधी एक बिरुद लागतं. म्हणून गुरुजींनी छावणीभर बिरुदं वाटली होती. लांबमिशांचा नामदेव. भाकरी-न-करपवणारी सुभद्रामावशी. सोसायटीचा चेअरमन शेणातही पांढरे बूट घालून फिरायचा, तो शुभ्रपादत्राण साहेबराव. ग्रीकांच्या एका वीराची म्हणे फक्त टाचच कच्ची होती. गुरुजींचा बैल मागच्या पायानं लंगडायचा. "टाच सोडली तर अख्खा लोखंडाचा," गुरुजी म्हणायचे.

ऐकणाऱ्यांनी मात्र मधून मधून 'हूं' म्हणायचं. हूं थांबलं की गोष्ट थांबली. मी एकदाही म्हटलं नाही. इथं जनावरांच्या तोंडचा चारा पळवतायत, आणि आपण परमुलखातल्या राजांना हूं म्हणायचं? छट्!

मग सोसायटीनं फर्मान काढलं: कामाची नसलेली म्हातारी जनावरं छावणीबाहेर. गुरुजींचा बैल पहिलाच.

"चला गुरुजी, आता तरी मोर्चा!" मी म्हणालो.

"न्हाई. मी रुसलोय." गुरुजींनी आत जाऊन ताडपत्री ओढून घेतली. "लई मोठे वीर असंच करतात. त्यांच्याबिगर सैन्य हरायला लागतं, मग राजा मनवायला येतो."

राजा आला नाही. सोसायटीचा शिपाई आला. "उद्या सकाळी बैल सोडा."

सकाळी गुरुजी चेअरमनच्या तंबूत शिरले. ओठावर घोषणा घेऊन मी मागं. आणि गुरुजींनी काय करावं? खाली बसून साहेबरावाचे गुडघेच धरले! साहेबराव खुर्चीसकट मागं सरकला.

"अहो गुरुजी, उठा! तुमच्याच वर्गात बसलोय मी! पाप लावता का?"

"चारा नको रे, मी विकत आणतो. बैलाला उभं राहायला जागा दे. बैल न्हाई तर मला छावणीत कोण ठेवून घेईल? घरी नुसत्या भिंती हायेत. त्या हूं म्हणत न्हाईत."

साहेबरावानं गुरुजींना हाताला धरून उठवलं. "ऱ्हावू द्या बैल," तो म्हणाला. "चाऱ्यासकट."

बाहेर आल्यावर मी भडकलोच. "गुडघे धरले तुम्ही, गुरुजी! ही लाचारी आहे!"

"त्याच लढाईत एक म्हातारा राजा पोराचं प्रेत मागायला, पोराला मारणाऱ्याच्याच तंबूत गेलता. त्यानंही गुडघेच धरले. ती गोष्ट आजवर मला सांगवली न्हाई. आज सांगतो."

काटामारीविरुद्धचा मोर्चा आम्ही नंतर काढलाच, हे सांगून ठेवतो. साहेबरावाला माफी नाही. पण त्या संध्याकाळी खोपटापुढं सगळी छावणी होती. अगदी मागं, पोत्यावर, पांढरे बूट. गुरुजींनी पहिला घोट मातीला दिला आणि सांगू लागले. राजानं गुडघे धरले, इथवर गोष्ट आली. सुभद्रामावशी पदरानं डोळे पुसत होती. नामदेवाच्या मिशा थरथरत होत्या. कुणाच्या तोंडून काही फुटेना. गुरुजी एकेकाकडं बघत थांबून राहिले.

"हूं," मी म्हणालो.