आगीकडे तोंड

लोरेनचं लग्न झालं ते वर्ष १९८६. लग्नाच्या एकाही फोटोत तिचे वडील नाहीत, कारण चर्चच्या पायऱ्यांवर सगळे ओळीने उभे राहत होते तेवढ्यात भोंगा वाजला आणि हार्लन झेटलमॉयर नव्या सुटासकट एका गोठ्याची आग विझवायला पळाला. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावच्या स्वयंसेवी बंब दलाचा तो चीफ. दलाला त्याच वर्षी शंभर वर्षं होत होती आणि डिसेंबरात हार्लन निवृत्त होणार होता. शताब्दीचं कॉफी टेबल बुक काढायचं ठरलं तेव्हा त्याची बायको वर्ना एवढंच म्हणाली, "चला, त्यात तरी तुझं तोंड दिसेल."

हार्लन दुसऱ्या दिवशी मिशी कातरून आला.

गावाने डबे भरभरून जुने फोटो दिले. पुस्तक मांडायला फिलाडेल्फियाहून मेरिडिथ नावाची बाई आली, कामात तरबेज. तिने कच्ची प्रत दलाच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवली, तेव्हा चिकन-कॉर्न सूप बाजूला सारून सगळ्यांनी हात पुसले. कागद जाड, गुळगुळीत. पहिल्या पानावर क्लेटन. पाचव्यावर क्लेटन. मुखपृष्ठावर मागे गिरणी धडधडा पेटलेली, आणि पुढे हातात कॉफीचा कप घेऊन हसणारा क्लेटन.

क्लेटन रिटर हा दलातला सर्वांत आळशी माणूस. वडील दलात होते म्हणून याला घेतलेलं. पाण्याच्या पाइपला त्याने हात लावलेला कोणी पाहिला नव्हता.

"मी कुठे आहे?" हार्लनने विचारलं.

मेरिडिथने बोट ठेवलं. "हे तुम्ही. हेही तुम्हीच."

सगळीकडे पाठ. एका ठिकाणी तर पाठही नाही, नुसतं वाकलेलं बूड.

"चीफ, लोकांना चेहरे लागतात," ती म्हणाली. "नाहीतर असली पुस्तकं धूळ खात पडतात. आणि कॅमेऱ्याकडे बघणारा तुमच्यात हा एकच माणूस आहे."

"बाई, आग विझवणाऱ्याचं तोंड आगीकडे असतं."

"कॉफी टेबल बुक आहे ना?" क्लेटन म्हणाला. "मग कॉफी कोणाच्या हातात आहे ते बघा की."

वर्नाने त्याच्या पुढ्यातलं सूप उचललं. "मग तुला कॉफीच पुरे."

तोडगाही तिनेच काढला. एका शेतकऱ्याने कणसं साठवायची मोडकी खोपटी दलाला सरावासाठी दिली होती. ती पेटवायची, सगळ्यांनी पुढे उभं राहायचं आणि नीट समोर बघायचं. क्लेटन पुन्हा मध्ये कडमडू नये म्हणून कॅमेरा त्याच्याच गळ्यात अडकवला.

हार्लनने आपली पिकअप धुऊन लख्ख केली आणि फोटोत यावी म्हणून थेट खोपटीशेजारी लावली. आगीजवळ गाडी लावू नका, हे पोरांना वर्षानुवर्षं त्यानेच शिकवलं होतं. पण त्या दिवशी ते आठवतो कोण?

खोपटी झकास पेटली. लाकूड तडतडलं की हार्लनची मान आपोआप मागे वळायची.

"मान सरळ," वर्ना खेकसली. "एवढा एक फोटो होईपर्यंत ती तुझ्यावाचून जळेल. आणि बाकीच्यांनो, मी सांगेपर्यंत कोणी वळलात तर याद राखा."

हार्लन सगळं बळ एकवटून हसला. क्लेटनने बटण दाबलं. मग कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला.

"चीफ, तुमची गाडी."

"छान दिसते ना?"

"पेटली आहे."

"क्लेटन, थट्टा पुरे. पुढचा काढ."

कोणी वळलं नाही. वर्नाचा धाक आगीपेक्षा मोठा. क्लेटनने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आगीकडे तोंड असलेला तिथे तो एकटाच होता. शेवटी बिचारा ओळ फोडून धावला आणि त्याने पाइप उचलला. पाण्याच्या जोराने तो उताणा पडला, पण पाइप सोडला नाही. आधी चीफ भिजला, मग वर्ना, मग गाडी विझली.

चिखलात पडल्यापडल्या क्लेटनने विचारलं, "याचा फोटो कोणी काढला?"

कॅमेरा त्याच्याच गळ्यात होता.

धुऊन आलेला फोटो मेरिडिथने मुखपृष्ठावर ठेवला. हार्लनचा अख्खा चेहरा, मिशी, समाधान. आणि खांद्यामागे उघड्या खिडकीतून ठिणगी शिरून पेटलेली त्याची पिकअप.

"हे छापलंत तर आसपासची सगळी दलं हसतील," हार्लन म्हणाला.

"हसायला आधी हातात घ्यावं लागेल," मेरिडिथ म्हणाली.

हार्लनने फोटो डोळ्यांजवळ नेला. "मिशी बरी आलीय," तो म्हणाला.

पुस्तक दुसऱ्यांदा छापावं लागलं. गावात ज्याच्या घरी जावं तिथे ते टेबलावर, आणि त्यावर कपांचे गोल डाग. लोरेनने मुखपृष्ठ कापून आपल्या लग्नाच्या अल्बमात पहिल्या पानावर चिकटवलं. क्लेटनही भेटेल त्याला तो फोटो दाखवायचा. "यात मी नाही," म्हणायचा. "माझं तोंड आगीकडे होतं."

हार्लन झेटलमॉयर १९९९ च्या मार्चमध्ये वारला. क्लेटन रिटर त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबरात.