पेशंटला कळू द्यायचं नाही

कोणत्याही गंभीर दुखण्याची सगळ्यात कमी माहिती ज्याला ते दुखणं आहे त्यालाच असावी, या तत्त्वावर आपली कुटुंबव्यवस्था उभी आहे. ती अजून कोसळलेली नाही, तेव्हा तत्त्व बरोबरच असणार.

आमच्या आर्णीच्या घराला हे तत्त्व पाळायची संधी माझ्या लेकीमुळे मिळाली. सासूबाई, म्हणजे प्रभावतीबाई, तिला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. पोरीने खुशीत लाथ झाडली, ती आजीच्या छातीत बसली, आजीने चोळायला हात नेला तर तिथे गाठ. (लेकीला अजून दात नाहीत. निदानाचा तिचा हा पहिलाच प्रयत्न.) गावातले डॉक्टर म्हणाले, "तसलं काही नसेलही, पण यवतमाळला सुई टाकून बघितलेलं बरं." म्हणाले अर्थातच पेशंटच्या मुलाला, बाजूला नेऊन.

त्याच संध्याकाळी बैठक झाली. विषय : आईला कळू न देणे. या कामी ज्यांचं सहकार्य लागेल त्यांना सांगणं भागच होतं. म्हणून नणंद दीपमाला, तिचे सासू-सासरे, समोरच्या पुष्पाकाकू, उमरखेडचे मामा आणि दूधवाला (रोज येतो, चुकून बोलायचा) यांना विश्वासात घेण्यात आलं. गुप्तता इतकी पक्की झाली की बसस्टँडवर अनोळखी बायाही मला पाहून सुस्कारा सोडू लागल्या. आजाराचं नाव घ्यायचं नाही, असाही ठराव झाला. आम्ही 'ते' म्हणायचो. सासरे नुसती भुवई वर करायचे. ज्यांना भुवई समजत नसे त्यांना दीपमाला रडून समजावून सांगायची.

ठरल्या दिवशी गाडी केली. आईंना सांगितलं, दीपमालाच्या दिरासाठी मुलगी पाहायला चाललो. त्यांनी पोहे खाऊ घातले, डबा बांधून दिला.

दवाखान्यात आमचा नंबर आला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पेशंट कोण?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"पेशंट घरी हाय, मॅडम," माझा नवरा संघदीप म्हणाला. "तिले कायीच सांगतलं नाही ना आमी."

"मग सुई कुणाला टाकू?"

प्रश्न तांत्रिक होता. दीपमाला पुढे झाली. "मी तिची सख्खी पोरगी हाव. माह्यात टाकून नाही का चालत?"

चालत नाही. (वैद्यकशास्त्र अजून बरंच मागे आहे.) डबा खाऊन परत आलो. कुणाच्या तोंडून काही फुटलं नाही, याचंच सगळ्यांना समाधान. मामांची सवड बघून पुढची बैठक महिन्याभराने ठेवली. गाठीची सवड कुणी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी घरातले पुरुष बाहेर पडले आणि आई नवी साडी नेसून दारात उभ्या. "चाल बाई, पोरीले घे. यष्टी निघून जाईन."

"कुठे?"

"काल तुमी मले सोडून गेलते तिथं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"गाठ माही हाय ना वं! पण तुमी समदे एवढा जीव लावून लपवून राह्यलते, म्हटलं काहून मोडू?"

सुई टाकताना त्यांनी माझा हात धरला नाही, लेकीचं पाऊल धरलं. लेकीने ते पहिल्यांदाच स्थिर ठेवलं.

काही दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी आईंनाच समोर बसवून सांगितलं : साधी गाठ, घाबरायचं कारण नाही. मी जिन्यात बसून रडले. आईंनी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सासऱ्यांची भुवई वर गेली.

"खुद्द पेशंटले सांगतलं?" संघदीप माझ्या कानात पुटपुटला. "म्हंजे नक्कीच लय वाढलं असन. पेशंटले कोणी खरं सांगते का?"

तर्क बिनतोड होता. मामा उमरखेडहून सफरचंदं घेऊन स्वतः आले. आई सध्या दोन वेळा सफरचंद खातात आणि दिवसेंदिवस गुटगुटीत होत आहेत. (हेही लक्षण चांगलं नाही, असं पुष्पाकाकूंचं मत.)

तुम्हाला हसू येत असेल, तर एकच विचारते. हल्ली तुम्ही खोलीत आलात की घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात का? कुणी उगाच "तब्येत छान दिसते हो" म्हणून जातं का?

नाही?

मग तुमच्या घरची माणसं आमच्यापेक्षा हुशार आहेत, एवढंच.