लाल ठिपक्याची नोटीस

दोन बड्या कंपन्या कोर्टात भांडायला लागल्या की कलमबहाद्दरचा दिवस सोन्याचा. हे त्याचं खरं नाव नव्हे, इंटरनेटवरचं. खरं नाव ऑफिसच्या हजेरीत होतं आणि तिथे त्याला कुणी विचारत नव्हतं. कोणत्या सॉफ्टवेअरवर कोणाचा हक्क, कोणी कोणाची कल्पना चोरली, परवान्यात कोणतं कलम गुपचूप घुसडलं, यातलं काहीही कानावर आलं की हा गडी सरसावून बसायचा. कायद्याची टोपी आपल्यासारखी उडवणारा अजून जन्माला यायचाय, असं त्याचं ठाम मत होतं. आता, सॉफ्टवेअरचा एकही परवाना त्याने आयुष्यात पुरता वाचला नव्हता, ही गोष्ट वेगळी. 'मान्य' असं बटण दिसलं की दाबायचं, एवढाच त्याचा अभ्यास. पण विनोदाला अभ्यास लागत नाही, भाषा लागते, आणि ती त्याला घरातच फुकट मिळाली होती.

त्याचे बाबा कोर्टात बेलीफ होते. कोर्टाच्या नोटिसा दारोदार नेऊन बजावायच्या, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. कुत्री अंगावर आली, लोकांनी तोंडावर दार लावलं, एका बाईने तर गच्चीवरून पाणी ओतलं, पण नोटीस काही भिजली नाही, बाबाच भिजले. परत आल्यावर प्रत्येक नोटिशीवर शेरा लिहायचा असतो. 'इसम घरी मिळून आला. नोटीस वाचून दाखवली. समजली म्हणाला.' किंवा मग, 'घरास कुलूप. नोटीस दारास चिकटवली.' हे शेरे ऐकतच पोरगा मोठा झाला. आणि शेजारीपाजारी कुणाला सरकारी कागद आला की बाबांचा सल्ला ठरलेला असे, "आधी सही-शिक्का बघायचा, मग घाबरायचं."

आईला फोनवर टाइप करणं जमायचं नाही, म्हणून ती बोलून निरोप पाठवायची. चांगले लांबलचक. मुलगा नोकरीसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. तो निरोपाची लांबी बघायचा, 'रात्री ऐकू' म्हणायचा, आणि फोनमधली जागा भरली की सगळे एकदम पुसून टाकायचा. आई बाबांना म्हणायची, "तुमच्या लेकाच्या दाराला आजही कुलूप. चिकटवून आले."

गेल्या वर्षी आई गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. तेव्हा मुलाने फोन धुंडाळला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे आईचा एक शब्दही उरलेला नाही; तिचा फोनही बंद पडलेला. बाबांच्या फोनमध्ये मात्र एक निरोप होता. दाढी करताना ते तो रोज लावायचे. बाथरूमच्या बंद दाराआडून आईचा आवाज यायचा, शब्द काही कळायचे नाहीत. कधीतरी बाबांकडून मागून घेऊ, असं तो दर खेपेला ठरवायचा. आणि दर खेपेला हवापाण्यावर बोलून परत यायचा.

तर अशा या कलमबहाद्दरच्या हाती यंदा घबाड लागलं. फोनवर आवाज साठवताना जो लाल ठिपका लुकलुकतो, तो आधी कोणी काढला यावरून दोन कंपन्या कोर्टात गेल्या. त्याने एकीचं नाव ठेवलं थोरली, दुसरीचं धाकटी, आणि एका बैठकीत नोटीस पाडली.

'तमाम फोनधारकांस कळविण्यात येते की, लाल ठिपका ही थोरलीची मिळकत ठरल्याने, सदर ठिपका दाबून साठविलेले सर्व आवाज तिच्या मालकीचे झाले आहेत. आवाज स्वतःकडे ठेवणे असल्यास, ज्याचा आवाज आहे त्या इसमास समक्ष हजर करून त्याची संमती घ्यावी. इसम हजर न झाल्यास आवाज रविवारच्या आत पुसावा. कचऱ्याच्या डब्यातूनही काढावा. फोन कोरा करून घेतल्यास उत्तम. आवाज पाठ असल्यास मनात म्हणण्यास हरकत नाही. मोठ्याने म्हणण्यास वेगळा परवाना लागेल.'

खाली सही, 'कलमबहाद्दर, स्वयंघोषित न्यायमूर्ती'.

लोक हसले. एकाने लिहिलं, हसता हसता खुर्चीवरून पडलो. कलमबहाद्दर स्वतःच्याच विनोदाला तीनदा हसला आणि समाधानाने झोपला. पण विनोद झोपत नाही. कोणा शहाण्याला नोटीस आवडली, फक्त खालची सही अंगावर येते असं वाटलं, म्हणून त्याने ती कापली आणि बाकीची पुढे ढकलली. शेपूट कापलेली नोटीस गावभर पळत सुटली.

कलमबहाद्दरचं ऑफिस दातांच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. पेशंटच्या वेळा, बिलं, दातांचे फोटो, असं सगळं त्यात असायचं. हा तिथे डॉक्टरांच्या तक्रारींचे फोन घ्यायचा. शनिवारी सकाळी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच फोन सुरू झाले.

"आमच्या दवाखान्याच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी मुलगी लग्न करून गेली," एक डॉक्टर म्हणाले. "तिला आता हजर कुठून करू?"

"डॉक्टर, ते खोटं आहे."

"तुम्ही वाचलंय का नीट? डब्यातून काढा म्हणून सुद्धा लिहिलंय. खोटं लिहिणारा एवढ्या तपशिलात कशाला शिरेल?"

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तर प्रतीक्षा करा म्हणायला कंपाउंडरलाच फोनशेजारी बसवला होता. दुपारपर्यंत मॅनेजरबाई त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"एक खुलासा लिही. तुझी भाषा बरी आहे. सगळ्या डॉक्टरांना पाठवू."

करायला गेलो काय आणि झालं काय, असं मनात म्हणत त्याने खुलासा लिहिला. अर्ध्या तासात डॉक्टरांचं उत्तर आलं, की खुलाशाची भाषा संशयास्पद वाटते, पहिली नोटीस जास्त अधिकृत आहे. मॅनेजरबाईंनी ते त्याला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "बघ, असं लिहायला शीक." आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात त्याच्या लेखनाचं कौतुक झालं होतं आणि ते त्याला घेता येत नव्हतं.

तेवढ्यात शेजाऱ्यांच्या फोनवरून बाबांचा फोन आला.

"जेवलास का?"

"हो बाबा. तुम्ही?"

"जेवलो. बरं, तुला ती आवाजाची नोटीस मिळाली ना? तुझ्याकडे कोणाचा काही असेल तर उद्याच्या आत काढून टाक. मी आज सकाळीच उरकलं. मुदतीच्या काठावर जाऊ नये."

"काय उरकलं?"

"आता मी काय ठेवणार रे," बाबा म्हणाले. "तिला हजर कशी करणार मी?"

तो कुणाला काही न सांगता उठला. मॅनेजरबाईंनी मागून हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. बाबांच्या घरी पोचला तेव्हा बाबा ओट्यापाशी भांडी पुसत होते. फोन टेबलावर होता, नवाकोरा दिसत होता. त्यावर भाषा निवडा असं लिहून आलं होतं. तो फोन उचलून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात धावला.

"परत नाही येणार," दुकानदार म्हणाला. "काकांनी स्वतः समोर उभं राहून कोरा करून घेतला. मी विचारलं, काका, काही ठेवायचंय का? म्हणाले, ठेवायचंय, पण ठेवता येत नाही."

"डब्यात तरी? कुठे दुसरीकडे साठवलेलं?"

"डबा त्यांनी आधीच रिकामा केला होता. बाकीचं पण सगळं पुसायला लावलं, एकेक कलम वाचून. मला विचारत होते, माणूस हयात नसेल तर मुदतवाढ मिळते का. मी म्हटलं, मला काय माहीत, काका."

परतीच्या वाटेवर कलमबहाद्दरला आपलं एकेक कलम आठवत होतं. जिथून म्हणून आईचा आवाज परत आला असता, ते प्रत्येक दार त्याने स्वतः बसून, हसत हसत बंद केलं होतं. एखाद्या वेंधळ्या माणसाने एक तरी फट ठेवली असती. रस्त्यात त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही.

घरी आल्यावर तो चपला न काढताच म्हणाला, "बाबा, ती नोटीस मी लिहिली होती. गंमत म्हणून."

बाबांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. फडका घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्यांना बसायला जरा वेळ लागला.

"तुझी नसणार," ते म्हणाले. "तुझं मी सगळं वाचतो. तुझं असतं तर मी हसलो असतो."

"माझीच आहे. खाली सही होती. कुणीतरी कापली."

"तुझ्या पानावर मी अजून गेलोच नव्हतो. म्हणजे मला मिळाली तेव्हा सही नव्हती?"

"नव्हती."

"शिक्का?"

"शिक्का कुठून असणार, बाबा?"

"मग चूक माझी," बाबा म्हणाले. "साऱ्या गावाला सांगत आलो, आधी सही-शिक्का बघा. आणि माझ्यावर आली तेव्हा मी बघितलं नाही. हजर करा असं वाचलं आणि पुढचं काही दिसेनाच."

त्यांनी रागावायला हवं होतं. दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या, मोठा झाला म्हणून काय झालं. मुलगा त्यासाठी अगदी तयार उभा होता. पण बाबा आपली चूक आपल्याच पदरात घालून बसले होते आणि त्याला त्यातली चिमूटभरसुद्धा देत नव्हते.

"काय होतं त्या निरोपात?" त्याने विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"मी कधी ऐकलाच नाही."

"अरे, तो तुझाच होता," बाबा म्हणाले. "तुला पाठवला, तुझ्या दाराला कुलूप. मग तोच तिने मला पाठवला. म्हणाली, तो आला की समक्ष ऐकवा. मी म्हटलं ऐकवू. त्याच आठवड्यात ती गेली. नंतर तू यायचास, पण मला तो तुझ्यासमोर लावायला जमेना. तू पण कधी मागितला नाहीस. एवढी एकच नोटीस माझ्याकडून बजावायची राहिली."

बाबांनी एकदम खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि उठून दाराशी जाऊन उभे राहिले, वाचायला हातात काही नव्हतं तरी.

"मला पाठ आहे," ते म्हणाले. "पण मोठ्याने म्हणायला परवाना लागतो ना?"

"नाही लागत, बाबा."

"तूच लिहिलंयस."

"मी काहीही लिहितो."

"बरं. तो फोन खिशात ठेव. नोटीस घेताना हातात दुसरं काही नको."

त्याने फोन ठेवला. बाबांनी घसा साफ केला आणि कोर्टाचा कागद वाचावा तशा सपाट आवाजात सुरुवात केली.

"अरे, मी बोलते आहे. तुझा निळा स्वेटर इथेच राहिलाय. बाही उसवली होती, शिवून ठेवली आहे. तुमच्या ऑफिसात गारठा असतो म्हणालास, तर घेऊन जा. बाबा तुझे विनोद मला रोज वाचून दाखवतात. मला कंपन्यांचं काही कळत नाही. पण वाचता वाचता त्यांनाच एवढं हसू येतं की मग मी पण हसते. लिहीत जा. अगं बाई, दूध."

बाबा थांबले. मुलाला वाटलं, विसरले. तो पुढे सरकला तर बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"इथे ती आत जाऊन आली," ते म्हणाले. "थांबावं लागतं."

दोघे थांबले. गॅसपाशी काहीच नव्हतं, तरी दोघांनीही तिकडे पाहिलं.

"गेलं उतू," बाबा पुढे म्हणू लागले. "तुझ्याशी बोलायला लागलं की हे असंच होतं. बरं, फार लांबलं. तू ऐकायचा नाहीस एवढं. ठेवते."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांचा आवाज शेवटपर्यंत सपाट राहिला होता. मुलगा खाली मान घालून रडत होता. लहानपणी रडताना तो असाच एका हाताने टेबलाची कड धरायचा.

"आता शेरा," बाबा म्हणाले. "इसम घरी मिळून आला. नोटीस वाचून दाखवली." मग ते वाट बघत उभे राहिले. "समजली का?"

मुलाने मान हलवली.

"मान हलवलेली चालत नाही," बाबा म्हणाले. "तोंडाने सांगावं लागतं."