चौथ्या कॅमेऱ्यातला समुद्र

हिंगोलीच्या इंदूताई कळमकरांनी आपल्या मंगल कार्यालयात कॅमेरे बसवले, तेव्हा चौथ्या कॅमेऱ्यात समुद्र निघाला.

पहिल्यात फाटक आलं, दुसऱ्यात भटारखाना, तिसऱ्यात हॉल. चौथा मागच्या भिंतीवर होता. तिकडून पातेली चोरीला जायची, म्हणून इंदूताईंनी तो मुद्दाम लावून घेतला होता. भिंतीपलीकडे शेजारच्या जोंधळ्यांचं तुरीचं शेत. पडद्यावर मात्र वाळू, लाटा आणि ओढून ठेवलेल्या होड्या.

कॅमेरे बसवणाऱ्या अझहरने रेकॉर्डर बंद करून पुन्हा चालू केला. तारीख-वेळ नव्याने घातली. हार्ड डिस्क साफ केली. मग चौथी वायर पहिल्या जागी खोचली, तर समुद्र पहिल्या चौकटीत गेला.

"मशीनमध्ये दोष नाही, ताई," तो म्हणाला. "कॅमेऱ्यातही नाही. समोर आहे ते तो दाखवतोय."

"समोर तूर आहे."

"मी जाऊन उभा राहतो. तुम्ही बघा."

पडद्यावर अझहर वाळूत उभा दिसला. लाट आली आणि त्याच्या पोटरीपर्यंत चढली. परत आला तेव्हा त्याच्या पँटला तुरीची पिवळी फुलं चिकटली होती.

"पाणी लागलं का?"

"नाही. पण वारा खारट होता."

शेत जोंधळ्यांचं, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी पडदा बघितला आणि तलाठीबाईंना घेऊन आले. बाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"सातबाऱ्यावर जिरायत आहे," त्या म्हणाल्या. "तूर उभी आहे तोवर पीकपाहणीत तूरच लावू."

"मग मी पाणी द्यायचं का नाही?"

"द्या. हे खारं दिसतंय."

इंदूताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुणाची वाट बघायची त्यांची सवय मोडली होती. ती परत लागली. हिरव्या लुगड्यातली एक बाई रोज तिन्हीसांजेला पाण्याच्या कडेला येऊन उभी राहायची. तिच्या माणसाची होडी लागली, की इंदूताई ऑफिसला कुलूप घालून घरी जायच्या.

मार्गशीर्षात वसमतच्या डिग्रसे मंडळींचं लग्न होतं. गोरज मुहूर्त. हॉलमध्ये अंतरपाट धरायची तयारी चालली होती आणि पडद्यावर धुकं उतरलं होतं. हिरव्या लुगड्यातली बाई किनाऱ्यावर इकडून तिकडे धावत होती. तोंडाशी हात नेऊन हाका मारत होती. धुक्यात तिच्या माणसाची होडी पुसट दिसत होती, आणि ती खडकांकडे चालली होती.

इंदूताई मांडवात गेल्या आणि लाइटवाल्याला म्हणाल्या, "हॅलोजन काढ. सगळे मागच्या भिंतीवर लाव."

नवरदेवाचे वडील डिग्रसे आडवे आले. "बाई, मुहूर्त तोंडावर आलाय. दिवे कुठं नेताय?"

"तुम्ही आत येऊन बघा, मग बोला."

डिग्रसे आत आले. पडद्यासमोर उभे राहिले.

"होडीत माणसं किती?"

"दोन. एक तिचा नवरा, दुसरा दीर असावा."

डिग्रशांनी फेटा मागे सारला आणि दारातून भावांना हाक मारली, "उचला रे दिवे! मंगलाष्टकं मिणमिणत्या उजेडातही होतात."

वऱ्हाडी दिवे घेऊन भिंतीकडे पळाले. झाडं तुडवू नका म्हणून जोंधळे ओरडत होते, पण एक दिवा त्यांच्याही हातात होता. झोत तुरीवर पडला. तिथे तुरीशिवाय काही नव्हतं. ऑफिसात मात्र इंदूताईंना पाण्यावर उजेडाची वाट पडलेली दिसली. होडी थबकली. मग तिचं नाक हळूहळू फिरलं.

"वळली!" इंदूताई ओरडल्या. भिंतीवरून माणसांनी "वळली, वळली" म्हणत निरोप पुढे नेला. तेवढ्यात हॉलमध्ये अक्षता पडल्या.

होडी वाळूला लागली. बाई कमरेइतक्या पाण्यात शिरली. नवऱ्याच्या पाठीत तिने दोन धपाटे घातले, आणि मग त्याला धरून तशीच उभी राहिली.

पंगती उठल्यावर लाइटवाला वायरी गुंडाळायला आला. "काढू का आता?"

इंदूताईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "बाकीचे काढ. एक राहू दे. अजून एक होडी बाहेर आहे."

डिग्रशांनी शेजारची खुर्ची ओढली, आणि निघायला उभी असलेली वऱ्हाडाची गाडी बंद करायला सांगून ये म्हणून भावाला बाहेर पाठवलं.