व्हायोलाचा कौल

साडूने डिवचलं नसतं, तर कांदिवलीच्या सुबोध तावडेने जन्मात कधी बी पेरलं नसतं. दिवाळीच्या फराळाला मुलुंडहून आलेला श्यामसुंदर (मानसीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे फुकट सल्ल्यांचं आगार) बाल्कनी बघून म्हणाला, "तुमच्या कांदिवलीत साधी कोथिंबीर जगत नाही, यार!"

झालं! सुबोधचं डोकं फिरलं. "कोथिंबीर काय घेऊन बसलास? व्हायोला लावतो. थंडीतली फुलं, खायची! माघी गणपतीला जेवायला ये, तुझ्या ताटात वाढतो."

"माझ्या ताटात पडलं, तर मी मिशी उतरवीन. नाही पडलं, तर तू."

सुबोधची मिशी कॉलेजपासूनची. बायकोपेक्षा त्याचा तिच्यावर जास्त जीव होता (हे मानसीचं मत).

या बियांना रुजायला गारवा आणि अंधार लागतो. नोव्हेंबरातल्या कांदिवलीत या दोन्ही गोष्टी फक्त फ्रिजमध्ये मिळतात. मातीचा ट्रे थेट बांगड्यांच्या जागेवर जाऊन बसला.

"फ्रिजमध्ये माती? आणि मी बांगडे काय उशाला घेऊन झोपू?" मानसी कडाडली.

पुढे रोपं आली, तेव्हा रात्री कुंड्या एसीत आणि मानसी गोधडीत. पण फुलं आली! मूठभरच, जांभळी-पिवळी, अगदी माघी गणपतीच्या दिवशी उमललेली. सुबोध आंघोळीला गेला तो शीळ घालत.

बाहेर येऊन बघतो, तर कुंड्या बोडक्या! आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपती व्हायोलात बुडालेला.

"आई! ती खायची होती गं!"

"फुलां देवाक," सुगंधाबाई शांतपणे वात वळत म्हणाल्या. "खातत ती गुरां."

"देवाला वाहिलं म्हणजे निर्माल्य," सोफ्यावरून श्यामसुंदरने मिशी कुरवाळली. "ताटात कसं येणार?"

सुबोधचा संताप अनावर झाला. "मोदक दाखवला की प्रसाद आणि फूल वाहिलं की निर्माल्य? हा कुठला न्याय? बर्फ घालून वाढवलीत मी ती!"

"माका इचारू नको. देवाक इचार. कौल लाव."

गावच्या देवळात लावतात तसा कौल लागला. दोन फुलं पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवली. उजवं आधी पडलं तर खायची, डावं पडलं तर निर्माल्य. सगळे हात जोडून उभे राहिले. मोदक गार व्हायला लागले. फुलं हलेनात.

सुबोधला कुठला धीर! त्याने हळूच पंखा पाचवर केला. एक फूल टपकन पडलं, नेमकं त्याच्या उजव्या हाताशी.

"उजवा! उजवा कौल!" तो ओरडला आणि कोणी काही बोलायच्या आत फूल तोंडात टाकून मोकळा झाला.

सुगंधाबाईंनी कपाळावर हात मारला. "मेल्या, देव तुझ्यासमोर तोंड करून बसलोहा! त्याचो उजवो बघूचो, तुझो न्हय!"

सुबोधचं चघळणं थांबलं. म्हणजे देवाने डावा दिला होता, बाकीची सगळी फुलं निर्माल्य झाली होती, आणि एक तर त्याच्या दाढेखाली होतं. श्यामसुंदर उठला आणि बाथरूममधून स्वतः रेझर घेऊन आला (साडूचं प्रेम!). "पंख्यामुळे झालं, परत लावू!" असं सुबोध आतूनही ओरडत होता, पण साबणामुळे ते कोणाला नीट ऐकू आलं नाही.

तो बाहेर आला. मानसीने त्याच्या नाकाखाली निरखून बघितलं.

"बरीच जागा निघाली की रे! उरलेलं बी आता तिथेच पेर. माझा फ्रिज तरी मोकळा होईल."