काळ्या पडद्याचं स्थैर्य

पातळ वस्तू स्वतःच्या बळावर टिकत नाही; आजूबाजूची मंडळी किती लांब राहतात, यावर टिकते. हे शास्त्रही सांगतं आणि सासरही.

प्रयोगशाळेतल्या बाईंना ते दोन्हीकडून ठाऊक होतं. तारेच्या कड्यात धरलेला साबणाच्या पाण्याचा पडदा त्यांनी बंद काचपेटीत कित्येक आठवडे जगवला होता. अशा पडद्याच्या दोन्ही बाजूंवर सारखाच विद्युतभार असतो. त्या एकमेकींना लांब ढकलतात, म्हणून मधलं पाणी राहतं. "म्हणजे तू आणि मी," घरी मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या. (बाईंनी हे प्रबंधात घेतलं नाही; घेता आलं असतं.)

बाईंची नोकरी हंगामी होती. पडदा टिकला तर त्याही टिकणार होत्या. संचालकांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी तातडीने पडदा स्थैर्य समिती नेमली. समितीने प्रथम 'शांतता राखा' अशी पाटी पेटीमागच्याच भिंतीवर हातोडीने ठोकून घेतली. मग पहारेकरी बसवला, आणि पहारेकऱ्याला उकडतं म्हणून पंखा. समितीच्याच पाहणीनुसार पडद्याला असलेल्या धोक्यांपैकी ऐंशी टक्के समिती आल्यावर उद्भवले. उरलेले वीस तिचा चहा आल्यावर.

पडदा तरीही तगला. फक्त झिरपून झिरपून इतका पातळ झाला की त्याचे रंग गेले आणि तो काळा, म्हणजे जवळजवळ दिसेनासा झाला. ही त्याची सर्वांत चिवट अवस्था, असं बाईंनी परोपरीने समजावलं. संचालकांचं म्हणणं एवढंच पडलं की पाहुण्यांना काळं दाखवणं बरं दिसत नाही. रंग परत येण्याबाबत पडद्याला सूचना द्याव्यात.

सूचना पोचण्याआधीच प्रमुख पाहुणे आले. पेटीचं झाकण उघडण्यात आलं. (उद्घाटन म्हटल्यावर काहीतरी उघडावंच लागतं.) पाहुण्यांनी वाकून पाहिलं, त्यांना कडं तेवढं दिसलं, आणि पडदा कुठे आहे हे बघायला त्यांनी त्यातून बोट घातलं.

बोटाच्या टोकाला एक थेंब लागला. तो बाईंनी पाहिला. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात संचालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी तोंड मिटलं.

"फारच पातळ आहे," पाहुणे भारावून म्हणाले. "हाताला जाणवलासुद्धा नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

समितीचा अहवाल आठवड्याभरात आला: उद्घाटनानंतर पडद्याच्या जाडीत, रंगात वा आकारात कोणताही बदल आढळलेला नाही, सबब तो कायमस्वरूपी स्थिर समजण्यात यावा. बाईंनाही कायम करण्यात आलं. रिकाम्या कड्याची रोज नोंद ठेवणं हे आता त्यांचं काम.

"मग, राहिला का पडदा?" घरी जाऊबाईंनी विचारलं.

"मी राहिले," बाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

आपण त्या जागी असतो तर तिथल्या तिथे खरं बोललो असतो, याबद्दल प्रत्येक वाचकाची खात्री आहे. संस्थेलाही ती होती. म्हणूनच त्या दिवशी वाचकांना मागच्या रांगेत बसवलं होतं. आणि टाळ्यांची सुरुवात तिथूनच झाली, असं अहवालात कृतज्ञतापूर्वक नमूद आहे.