नानांचा रोजचा आकडा

आमच्या पिंप्राळ्यात कुणाचं लग्न जमायला लागलं की बैठकीत नाना चहाचा कप खाली ठेवून विचारणारच, "पत्रिका राहू द्या. मुलाच्या बापाचा बीपी किती?" एकदा तर होणाऱ्या व्याह्याच्या दंडाला त्यांनी बीपी मशीनचा पट्टाच गुंडाळला. तो बिचारा म्हणाला, "आधी पोहे तरी खाऊ द्या."

नाना माझे शेजारी. सारी नोकरी वरणगावला झाली. बायको गेली, एकुलती एक लेक सुनीता धुळ्याला दिली. घरात ते एकटे न ते बीपीचं मशीन.

त्यांचे वडील, आबा, बीपीने गेले, धाकटा भाऊ बोलता बोलता तसाच गेला. तेव्हा कुण्या डॉक्टरांनी समजावलं होतं, काही घराण्यांत जन्मतःच कॅल्शियमची घडी बिघडलेली असते, ते लघवीवाटे निघून जातं न बीपी चढतो. नाना आपल्या भाषेत सांगायचे, "आमच्या अंगात कॅल्शियम पाव्हण्यासारखं येतं, अक्का. चहा पितं न चालतं होतं. बठ्ठं रगतमा शे." सगळं रक्तातच आहे, हे त्यांचं पालुपद. म्हणून नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, तीळ, दूध. मीठ बंद. त्यांच्याकडची वांग्याची भाजी मी एकदाच खाल्ली.

रोज सकाळी मशीन घेऊन यायचे. "अक्का, हात द्या." मी त्यांच्याहून मोठी, पण माझा बीपी कायम एकशे वीस-ऐंशी. आकडा दिसला की नाना खुशीत ओट्यावर जाऊन सुनीताला फोनवर सांगायचे. मला वाटायचं, शेजारणीचं कौतुक चाललंय. एकदा कान देऊन ऐकलं. "मना एकशे वीस-ऐंशी शे, माय. तुना बी तसाच राही."

माझा आकडा ते स्वतःचा म्हणून सांगत होते. मी अडवलं, तर खाली बघत म्हणाले, "तिच्या लग्नाच्या बैठकीत कुणी विचारलं नाही, अक्का. न मीबी सांगितलं नाही. आता कशाला तिच्या जिवाला घोर?"

यंदा सुनीताला दिवस गेले. सातवा लागला न पाय सुजले. तिचा फोन आला तेव्हा नाना माझ्या ओट्यावरच होते. "नाना, माझा बीपी वर गेलाय. डॉक्टरीणबाई विचारताहेत, माहेरी कुणाला आहे का. मी म्हटलं, नानांचा तर एकदम छान."

नानांनी पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. हे मी पहिल्यांदाच बघत होते. मशीन घरघरत राहिलं. आकडा आला एकशे नव्वद-एकशे दहा. नानांनी फोनचा कॅमेरा लावून तो तिच्यासमोर धरला. "हाऊ मना शे, माय. रोजचा होता तो अक्काचा. आबांना होता, काकाला होता. बाईंना बठ्ठं सांग."

तिकडून सुनीता म्हणाली, "नाना, माझाबी लग्नाआधीपासून वर जातो. तुम्हाला घोर लागेल म्हणून बोलले नाही."

"बाईंना सांग," नाना परत म्हणाले. "न गोळ्या घे."

"तुम्हीबी घ्या."

दुसऱ्या दिवशी ते धुळ्याला निघाले. पिशवीत मशीन, नागलीचं पीठ, तिच्यासाठी मुद्दाम लाटून घेतलेले बिनमिठाचे पापड. रिक्षा उभी करून माझ्या दारात आले.

"अक्का, हात द्या."

"मशीन तर बांधलंत ना?"

"राहू द्या ते."

त्यांनी माझं मनगट नुसतं धरलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. मी हात सोडवून घेतला नाही.